दुसरी फळी

सोमवार, ६ ऑक्टोबर १९४७

आज एका परक्या माणसाने माझं मनगट पिरगाळलं — आणि माफी मागताना हसत होता!

मी खुणेवर उभी होते. पायाशी खडूची फुली, डोक्यावर तो मेला मोठा दिवा. शिडीपाशी उभा राहून आमचा म्हातारा कॅमेरावाला एमेट ओरडत होता, "रोवेना, हनुवटी डावीकडे. रोवेना, हलू नकोस." सेटवर ही रीतच आहे. रोवेना स्टेर आपल्या खोलीत संत्र्याचा रस पीत बसते, आणि तिच्या जागी दिव्यांखाली भाजून निघते ती मी, नेवा ब्रूस्टॅड. तिचीच उंची, तिचेच खांदे, केस तिच्या रंगात बुडवलेले. दिवे ठरेपर्यंत सगळे मला तिच्याच नावाने हाका मारतात. ठरले की "पहिली फळी!" अशी आरोळी होते, बाईसाहेब येतात, आणि मी पुन्हा नेवा होऊन कॉफीच्या रांगेत. आम्हाला म्हणतात दुसरी फळी.

तर मागून कोणीतरी आलं आणि मनगट धरलं. असं धरलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. कानात म्हणाला, "मला फसवून जाशील कुठे, रोवेना?" मी वळले. उंच, देखणा, तोंडाला दारूचा वास. तिचा नवरा, हॉलिस क्रेन. माझं तोंड पाहून जरा गडबडला, मग हसला. "अरेच्चा, ही तर बाईसाहेबांची सावली! माफ कर हं." हात मात्र लगेच सोडला नाही.

सगळ्या सेटने पाहिलं. एमेट तेवढा पुढे आला. कॅमेरा त्याचा, दिवे त्याचे, त्याला कोणाची भीती नाही. म्हणाला, "मिस्टर क्रेन, माझा दिवा तापलाय. बाजूला व्हा."

मंगळवार, ७ ऑक्टोबर

मनगट काळंनिळं. बोटं मोजता येतील असे वळ. मेकअपवाल्या बाईने पावडर थापली आणि म्हणाली, "तिच्या हातावर रोज हेच करते." आणि मग जीभ चावली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

रोवेनाने खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता नारळ देणार! नवऱ्याने हात धरलेली बाई कोणाला डोळ्यांसमोर हवी असते?

पण तिने मला आपल्या शेजारी बसवलं, माझा हात मांडीवर घेतला, बाही वर केली. वळांवरून बोट फिरवलं. "माझ्या वाटणीचं तुझ्या हातावर आलं ना गं," म्हणाली. मग स्वतःची बाही वर केली. तिथेही तेच. मी विरघळले. काय करू, मी अशीच आहे. जरा कोणी गोड बोललं की माझं लोणी होतं.

तिने आपला हातमोजा मला घालून पाहिला. बेतून शिवल्यासारखा बसला. "बघ, नेवा," ती म्हणाली. नेवा! या सेटवर कोणाला माझं नाव माहीत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

आणि मग असंच, सहज, केस विंचरता विंचरता — "तुला बोलायची भूमिका हवी असेल ना? पुढच्या चित्रपटात माझी धाकटी बहीण आहे. मी शब्द टाकते."

मी हो म्हणाले की नाही तेही आठवत नाही. ट्राममध्ये एकटीच हसत होते. शेजारचा म्हातारा उठून दुसरीकडे बसला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

दिवसभर जिन्याजवळच्या बोळात चालण्याचा सराव. रोवेना चालते तेव्हा खांदे आधी येतात, पाय मागून. मिसेस पिंकनी — आमची घरमालकीण, तिचे कान भिंतीला चिकटलेलेच असतात — कपड्यांची टोपली घेऊन वर आली आणि बघतच राहिली.

"काय गं, कंबर धरली का?"

"नटी चालतेय, मिसेस पिंकनी."

"माझ्या गालिच्यावर नको चालूस. नटी असलीस तर तुझा गालिचा आण."

मेलीचं तोंड! पण खांदे जमले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज गंमत केली. संध्याकाळी रोवेना म्हणाली, "माझा कोट घाल, जाळीची टोपी घाल, माझी गाडी घेऊन फाटकातून बाहेर पड. बघू काय होतं!" फाटकावरच्या पहारेकऱ्याने टोपीला हात लावला — "शुभ रात्री, मिस स्टेर!" बाहेर सह्या घ्यायला उभ्या असलेल्या पोरी गाडीमागे धावल्या. मी हातमोजा हलवला. हसून हसून पोट दुखलं.

आणि रोवेना? माझा कोट घालून त्यांच्याच मधून चालत गेली. तपकिरी चौकड्यांचा तो कोट आईने शिवलाय, बटणं बाबांनी सांबराच्या शिंगाची घडवली आहेत. अख्ख्या शहरात असा दुसरा सापडायचा नाही, आणि बरंच आहे ते! "यात मला कुत्रंही हुंगणार नाही," ती म्हणाली. खरंच, एकाही पोरीने मान वळवली नाही.

एमेटने मात्र पाहिलं. कोपऱ्यावर गाडी थांबवून कपडे बदलून आले तर हा उभा. "हे खेळ बंद कर, पोरी. ती कधी फुकट खेळत नाही."

म्हातारे लोक असलेच. प्रत्येक गोष्टीत त्यांना काहीतरी काळंबेरं दिसतं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वाळवंटाकडून तो कोरडा वारा सुटलाय. घसा खरखरतो, केसांतून ठिणग्या उडतात, डोंगरात कुठेतरी पेटलंय आणि सगळ्या शहराला धुराचा वास. सेटवर प्रत्येक जण प्रत्येकावर वसकन ओरडतोय.

त्यात हॉलिस क्रेन आला. गार्डिनियाची फुलं घेऊन — आणि ती दिली मला! सगळ्यांच्या समोर! "त्या दिवसाबद्दल," म्हणाला. मी म्हणाले, नको. तो म्हणाला, घे. मग खाली वाकून, अगदी हळू — "तिला सांग, मी तिला जिवंतपणी सोडणार नाही. घटस्फोटाचं नाव काढलं तर चेहराच ठेवणार नाही तिला. मी सांगितलं तर ती ऐकत नाही. तू सांग."

लांबून पाहणाऱ्याला वाटलं असेल, प्रेमाच्याच गोष्टी चालल्यात. तसंच वाटलं! दुपारपर्यंत पोशाख खात्यातल्या मुली मला पाहून एकमेकींना कोपरं मारत होत्या. फुलं कचऱ्यात टाकली तेही कोणी पाहिलं नाही.

रोवेनाला निरोप सांगितला. तिने नखांना रंग लावणं थांबवलं नाही. "जिवंतपणी, असं म्हणाला?" एवढंच.

शनिवार, १८ ऑक्टोबर

एमेट वाळवंटात चाललाय, घोड्यांच्या एका चित्रपटाची दृश्यं घ्यायला. महिनाअखेरीस येणार. जाण्याआधी मला कोपऱ्यावरच्या टपरीत ॲपल पाय खायला नेलं. मी विचारलं, "खरं सांगा, आता मी आणि रोवेना, फरक सांगता येतो?"

"अंधारातसुद्धा."

"कसा?"

"उजेड आला की ती मान वर करते. तू खाली बघतेस. फुली शोधतेस. पाय बरोबर जागेवर आहेत ना, हे बघतेस. वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी, पण ते शिकवून येत नाही. जन्मभर खालीच बघशील तू."

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे! उरलेला ॲपल पाय मी गपागप संपवला. त्याला टाटासुद्धा केला नाही. फुली शोधते म्हणे! दोन वर्षं त्याच्याच दिव्यांसाठी शोधतेय ना?

सोमवार, २० ऑक्टोबर

रोवेनाचं सगळं ठरलंय. तिला वकिलाकडे जायचंय, घटस्फोटासाठी. पण नवऱ्याने माणूस लावलाय मागे, ती जाईल तिथे तो. म्हणून बुधवारी संध्याकाळी मी तिच्या जागी 'सिल्व्हर हेरन'मध्ये जेवायचं, आणि ती माझ्या कोटात वकिलाकडे. तिचा घसा बसलाय असं स्टुडिओने पेपरात दिलंच आहे, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. जेवण काय ते आधीच कळवलेलं असेल. नंतर गाडी तिच्या गॅरेजमध्ये लावायची, तिथल्या खुंटीवर माझा कोट असेल, तो घालून ट्रामने घरी. कोणाला सांगायचं नाही. "त्याला कळलं तर तो मला मारून टाकील, नेवा."

मी शपथ घेतली. त्याच्या हाताचा वळ अजून माझ्या मनगटावर आहे. मी नाही मदत करायची तर कोणी?

गुरुवार, २३ ऑक्टोबर, सकाळ

काल! काल, काल, काल!

कुठून सुरू करू? रोवेनाचा काळा पोशाख, खांद्यावर चंदेरी फर, टोपीची ठिपक्यांची जाळी नाकापर्यंत, गळ्याभोवती रुमाल. दार उघडलं आणि मुख्य वाढपी अर्नो कमरेत वाकला. "मिस स्टेर! घसा कसा आहे?" मी बोटं गळ्याला लावली आणि तोंड वाकडं केलं. बिचारा इतका हळहळला! कोपऱ्यातलं टेबल, लाल गादी, एक मेणबत्ती. कासवाचं सूप — अगबाई, ते कासव आहे हे मला मागाहून कळलं! मग कोंबडी, पांढऱ्या रश्शात. एका पोऱ्याने पाण्याचा पेला माझ्या मोज्यावर सांडला आणि रडायच्या बेतात आला. मी त्याच्या हातावर थोपटलं. रोवेनाने थोपटलं असतं का माहीत नाही. कालच्या रोवेनाने थोपटलं!

शेजारच्या टेबलावरून एक लठ्ठ गृहस्थ आला, स्वतःला तेलवाला म्हणवणारा, आणि माझ्या हाताचं चुंबन घेऊन म्हणाला, "माझी बायको तुमच्यावर जीव टाकते, आणि मी तर बुडालोच आहे." मी मान किंचित कलती केली. बस्स. तो धन्य होऊन गेला.

आणि निघताना, दारात, अचानक तो लखलखाट! पेपरवाला. गल्लीतल्या अंधारातून एकदम पुढे आला, "इकडे, मिस स्टेर!" आणि दिवा उडवला. पायाशी फुली असेल, नजर खाली जायला निघाली — मला कळलं ती निघालीय ते! आणि मी तिला जाऊ दिलं नाही. मनात म्हणाले, एमेट, आता बघ. मान वर. खांदे आधी. त्या दिव्याकडे असं पाहिलं की जणू तो माझ्याच घरचा आहे.

दोन वर्षांत कधी इतकी जिवंत नव्हते मी. गाडी लावली, कोट घातला — त्यालाही धुराचा वास, या वाऱ्यात सगळ्यालाच येतो — आणि गुणगुणत घरी आले. जिन्यात मिसेस पिंकनी भेटली. "लॉटरी लागली वाटतं!" म्हणाली. मी तिच्या गालाचा मुका घेतला. घाबरली बाई.

आत्ताच रोवेनाचा फोन येऊन गेला. बोळातल्या फोनवर अर्धा तास! "सगळं सांग, काहीसुद्धा गाळू नकोस. काय खाल्लंस, कोण भेटलं, काय म्हणाले?" मी सगळं सांगितलं — अर्नो, कासव, पेला, तेलवाला. ती मधेमधे "मग? मग?" करत होती. किती आवडलं तिला! शेवटी म्हणाली, "तू फार हुशार आहेस, नेवा."

गुरुवार, दुपार

हॉलिस क्रेन मेला. समुद्रकाठच्या घरात, काल संध्याकाळी. गोळी लागून. रेडिओवर सांगितलं.

मी रेडिओ बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा तेच सांगितलं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

पेपरात माझा फोटो. मी आयुष्यभर याची वाट पाहिली आणि आज तो हातात धरवत नाही. खाली छापलंय — "नवऱ्यावर काळ झडप घालत असताना मिस रोवेना स्टेर भोजनगृहातून बाहेर पडताना. अभागी पत्नीला काहीच कल्पना नव्हती."

आत दुसरी बातमी. शेजारणीने क्रेनच्या घरातून एका बाईला बाहेर पडताना पाहिलं. चौकड्यांच्या कोटातली बाई.

मी कोट काढून पाहिला. डाव्या बाहीचं बटण नाही.

धावत रोवेनाकडे गेले. ती काळ्या कपड्यांत, घरभर माणसं, डोळे खरोखर सुजलेले. मला मिठी मारली. कानात म्हणाली — अगदी हळू, मायेने — "बिचारी नेवा. बुधवारी संध्याकाळी तू घरीच होतीस ना?"

मी म्हणाले, "रोवेना, मी कुठे होते तुम्हाला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार, लाडके? मी जेवायला गेले होते."

शनिवार, २५ ऑक्टोबर

पोलीस आले. डिटेक्टिव्ह कॉफलिन. थकलेला, जाडा, सतत पेपरमिंट चघळणारा माणूस. ओरडला असता तर बरं झालं असतं. मिसेस पिंकनीच्या बैठकीत बसला आणि खिशातून एक पाकीट काढलं. त्यात सांबराच्या शिंगाचं बटण. क्रेनच्या गालिच्यावर सापडलं.

"सुरेख काम आहे. कोणी केलं?"

"माझ्या बाबांनी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"बाही वर कर बघू." वळ अजून पिवळे दिसतात. "हा कोणाचा हात, मिस ब्रूस्टॅड?"

मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. मी म्हणाले, मी तिथे जेवत होते, मला सगळं आठवतं, विचारा! कासवाचं सूप, कोंबडी, पोऱ्याने पेला सांडला, तेलवाल्याने हाताचं चुंबन घेतलं, बायकोबद्दल काय म्हणाला तेही सांगते!

कॉफलिनने पेपरमिंट या गालातून त्या गालात नेलं. "हे सगळं मिस स्टेरने मला काल सांगितलं. शब्द न्‌ शब्द. गुरुवारी सकाळी फोनवर तुलाही सांगितलं म्हणाली. त्या बिचारीला मन मोकळं करायला तुझ्याशिवाय कोणी नाही म्हणे."

देवा, मी एकसुद्धा गोष्ट हातची राखली नाही! रात्रभर आठवते आहे. एक तरी? एकसुद्धा नाही. माझ्या या जिभेला काय म्हणावं!

रविवार, २६ ऑक्टोबर

कोट घेऊन गेले. समोर एक काळी गाडी उभी असते, आत दोघं. गाव सोडायचं नाही असं बजावलंय. मिसेस पिंकनी चर्चला गेली, मला बोलावलं नाही. तिने पोलिसांना सांगितलं — "बुधवारी उशिरा आली, तोंड लालबुंद, गाणं म्हणत. माझा मुका घेतला. मला तेव्हाच कसंतरी झालं."

सोमवार, २७ ऑक्टोबर

आज स्टुडिओत समोरासमोर नेलं. रोवेना माझ्याकडे बघून रडली. "माझाच दोष. मी या मुलीला आधीच सावध करायला हवं होतं, हॉलिस कसा आहे ते. तो अशा साध्या मुलींना नादी लावायचा. तो हिला फुलं देताना सगळ्यांनी पाहिलं, मीच तेवढी आंधळी." मग कॉफलिनला म्हणाली, "तिच्याशी फार कडक वागू नका हो. तिला त्रास दिला असेल त्याने."

असं म्हणाली! माझ्यासाठी दयेची भीक मागितली! तिच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी "खोटारडी!" म्हणून ओरडले, खुर्ची पाडली, आणि तेवढ्याने सगळ्यांना खात्री पटली की मी गोळीही झाडू शकते.

अर्नो म्हणाला, मिस स्टेरच होत्या, मी काय त्यांना ओळखत नाही? पोऱ्या म्हणाला, त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, जन्मभर विसरणार नाही. मेकअपवाल्या बाईने रोवेनाच्या हातावर कधी काही पाहिलंच नाही म्हणे. तिला पोरं आहेत, नोकरी हवी. मी समजते. नाही, मी अजिबात समजत नाही!

त्या टेबलावर काय झालं ते सांगणारे सगळे खरंच बोलतायत, आणि प्रत्येक जण माझा गळा आवळतोय. तू कुठे होतीस असं विचारलं तर सांगायला मला तीच एक जागा आहे. आणि त्या जागेवर तर ती होती.

ही वही दाखवू का? हसतील. नटी व्हायला आलेल्या मुलीची वही! रात्रीतून बसून लिहिली म्हणतील.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

वसंतात त्या एका बाईला खुनासाठी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात विषारी गॅसच्या खोलीत मारलं तेव्हा मिसेस पिंकनीने नाश्त्याच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. मी तेव्हा टोस्टला लोणी लावत होते. मला ते प्रत्येक वाक्य आठवतंय.

मी सव्वीस वर्षांची आहे. मला मरायचं नाही. कधी म्हणजे कधीच नाही, पण तिच्या जागी तर मुळीच नाही.

मंगळवार, संध्याकाळ

एमेट! मी इतकी कशी मूर्ख! एमेटने फाटकावरची ती अदलाबदल पाहिलीय. आणि त्याहून मोठं — जगात एकच माणूस आहे जो आम्हा दोघींना वेगळं सांगू शकतो. अकरा वर्षं तिच्यावर दिवे लावतोय, दोन वर्षं माझ्यावर. अंधारातसुद्धा सांगीन, म्हणाला होता.

कॉफलिनला फोन केला. शब्द अडखळत होते. तो म्हणाला, "एकदा कपडे बदलले म्हणजे त्या दिवशीही बदलले, असं होत नाही, बाई." मी म्हणाले, मग पेपरवाल्याकडून त्या फोटोची मूळ काच, निगेटिव्ह, घ्या, मोठा फोटो काढा आणि त्याला दाखवा. फक्त दाखवा! कॉफलिनने पलीकडे पेपरमिंट कडकन फोडलं. मग म्हणाला, "मी एमेट लोवीला ओळखतो. तो खोटं बोलत नाही. त्याने शपथेवर सांगितलं की फोटोत तू आहेस, तर मी स्वतः जाऊन त्या बाईचं दार ठोठावीन. आणि नाही म्हणाला, तर तुला माझ्याबरोबर यावं लागेल."

चालेल, म्हणाले मी. चालेल!

बुधवार, २९ ऑक्टोबर

वाळवंटात तार गेली. एमेटचं उत्तर — शुक्रवारी येतो, पोरीला सांगा घाबरू नकोस.

पहिल्यांदा पोटभर जेवले. मिसेस पिंकनीने एक अंडं जास्त वाढलं.

संध्याकाळी आईचा फोन. तिकडे बर्फ पडायला लागलंय. गावातल्या दुकानात तिला कोणीतरी तो पेपर दाखवला, रोवेना स्टेरचा फोटो. "तू जिच्याकडे काम करतेस ती हीच ना? काय ग बाई दिमाख! तू कधी दिसणार पेपरात?" आईनेसुद्धा! मी दिसेन म्हणाले. फोन ठेवला आणि तिथेच जिन्यावर बसले.

तेव्हापासून एक विचार किड्यासारखा पोखरतोय. नको. आई काही एमेट नाही. तिला चष्मा लागतो, आणि तो पेपर केवढासा.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

वारा पडला. कुठे पानही हलत नाही.

त्या फोटोकडे परत बघणार नाही असं ठरवलं होतं. बघितला. दहादा बघितला. मी तर ओळखते ना स्वतःला!

ओळखते का?

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

एमेट आला. तडक आगगाडीच्या स्टेशनवरून मिसेस पिंकनीच्या बैठकीत, चेहरा उन्हाने सोललेला. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बसला. कॉफलिनने मोठा फोटो पुढे केला. एमेटने भिंग लावलं, खिडकीशी नेला, पुन्हा टेबलावर आणला. किती वेळ ते माहीत नाही. भिंग खिशात ठेवताना त्याने माझ्याकडे बघणं टाळलं तेव्हा मला कळलं.

"रोवेना आहे," तो म्हणाला.

मी किंचाळले. "एमेट, नीट बघा! मी आहे ती!"

"पोरी, तू असावीस म्हणून मी देवाचा धावा करत पाहिलं. नाही गं. ही मान बघ. हे असं उजेडाकडे बघणं शिकवून येत नाही. जिच्यात असतं तिच्यातच असतं." म्हातारा रडत होता. "शपथेवर विचारलंय मला. खोटं कसं बोलू?"

कॉफलिन दाराशी उभा आहे. अंगावर काहीतरी घे म्हणतोय, म्हणून वर आलेय, घाईने लिहितेय. आता आई आई करावंसं वाटतंय. पण हे सगळं नंतर. तो "रोवेना आहे" म्हणाला ना, तेव्हा सगळ्यात आधी — कोणाला सांगू हे? — मला आनंद झाला.